कॉलेजचा बँड दाखवायला पोरं नेताय? आधी त्यांना नळी फुंकू द्या

नागपूरजवळच्या एका शाळेतल्या मॅडमांचा प्रश्न आहे. त्यांची चौथी ते सहावीची ६० मुलं जानेवारीत एका कॉलेजच्या मार्चिंग बँडचा सराव बघायला जाणार आहेत. बँडमधली मुलंमुली एनसीसीची आहेत आणि वेळ मिळाला आहे एक तासाचा. पोरांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मोठमोठे बँड पाहिलेत, त्यामुळे उत्साह दांडगा आहे. मॅडम विचारतात, वाद्यांचा चार्ट करून आधी वर्गात शिकवू का? तिथे वाद्यं मुलांच्या हातात द्यावीत का? कोणाला कोणतं वाद्य जमेल हे कसं ओळखायचं? आणि पुढे शाळेतच बँड उभा करायचा झाला तर सुरुवात कुठून करावी?

मॅडम, चार्ट करू नका. निदान आधी तरी करू नका.

मी फौजेच्या बँडमध्ये युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचो. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो. फौजेतून सुटल्यावर नागपूरला आलो आणि गेली २२ वर्षं इथल्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांना बँड शिकवतो आहे. सुरुवातीला एका शाळेत मी १२ वाद्यं टेबलावर ओळीने मांडली आणि ४० मिनिटं प्रत्येकाचं नाव, धातू, इतिहास सांगत राहिलो. मुलं शांत होती. मला वाटलं, ऐकताहेत. शेवटी पहिल्या रांगेतल्या एकाने हात वर करून विचारलं, "सर, हे वाजते का?" त्याचा प्रश्न अगदी खरा होता. ४० मिनिटांत मी एकही सूर काढला नव्हता. त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी आवाज, मग तो आवाज कुठून येतो ते, मग वाद्य हातात, आणि नाव सगळ्यांत शेवटी. कानात बसलेल्या आवाजाला नाव चिकटतं. नुसतं पाठ केलेलं नाव परीक्षेपुरतं राहतं.

म्हणून सहलीच्या दोन दिवस आधी वर्गात एकच गोष्ट करा. मुलांना ओठ मिटून फुर्रर्र करायला लावा. घोडा करतो ना, तसं. मग सांगा, आता ओठ आवळा आणि तेच करा. माशी गुणगुणल्यासारखा बारीक आवाज येईल. वर्गात हसू फुटेल, फुटू द्या. ट्रम्पेट, बिगुल, ट्रॉम्बोन, युफोनियम, सुझाफोन या सगळ्या पितळी वाद्यांत आवाज काढणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे वाजवणाऱ्याचे ओठ. पुढची नळी त्या थरथरीला आकार आणि जोर देते, एवढंच.

मग नळी आणा. बागेला पाणी द्यायची साधी अर्धा इंची प्लास्टिकची नळी. तिचे तीन तुकडे करा, साडेचार फूट, नऊ फूट आणि अठरा फूट. एका टोकाला ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा भाग, घट्ट बसतो आणि दुसऱ्या टोकाला तेल ओतायचं नरसाळं खोचायचं. हे आकडे मी मनाने ठरवलेले नाहीत. ट्रम्पेटची गुंडाळलेली नळी उलगडली तर साधारण साडेचार फूट भरते, युफोनियमची नऊ फूट आणि बँडच्या मागच्या रांगेत जो भलामोठा सुझाफोन अंगाला वेढून असतो त्याची अठरा फूट. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली येतो. हे फळ्यावर लिहिलं तर पोरं वहीत उतरवतील. पण साडेचार फुटी नळीनंतर नऊ फुटी नळी वाजली की ती स्वतःच ओरडतात, "हे तं मोठ्या माणसावानी वाजलं!"

अठरा फुटी नळी लहान पोरांना लगेच साधत नाही. त्यांचे ओठ तेवढे सैल राहत नाहीत आणि वरचाच कुठला तरी सूर निघतो. ती आधी एखाद्या मोठ्याने वाजवून दाखवावी. जमल्यास तिला युफोनियमचा मोठा माउथपीस लावावा. तो नुसता नळीत बसत नाही, दोन वेढे चिकटपट्टी गुंडाळावी लागते.

नळीवर आणखी एक गोष्ट दिसते आणि माझ्या मते बँडची अर्धी विद्या त्यातच आहे. ओठ थोडे आवळले की सूर हळूहळू वर चढत नाही, तो उडी मारतो. सा वाजतो, मग एकदम प, मग वरचा सा, मग त्याच्या वरचा ग, मग प. मधले रे, म, ध सापडतच नाहीत. बिगुल असाच असतो. त्याला बटणं नाहीत, म्हणून कॅम्पवरची सगळी बिगुलची इशारत याच मोजक्या सुरांत बांधलेली असते. मग राहिलेले सूर आणायचे कुठून? त्यासाठी ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात. पिस्टन दाबला की नळीचा जास्तीचा तुकडा जोडला जातो आणि लांबी वाढते. मधला पिस्टन सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला पूर्ण स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. पोरांच्या हातात नळ्या असतील तर हे त्यांना सांगावंही लागत नाही. मागे एका मुलीने नळी हातात धरून मला विचारलं होतं, "म्हणजे बटण दाबलं की नळी लांब होते का सर?" ती सहावीत होती. तोवर मी पिस्टन हा शब्दही उच्चारला नव्हता.

तुमच्या शाळेत पेटी असेल तर संगीताच्या सरांना सांगा, बहुतेक ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच. इंग्रजीत त्याला बी-फ्लॅट म्हणतात. आल्टो सॅक्सोफोनचा सा काळी दोन. पेटी वाजवणारी जी दोन-चार मुलं असतील, त्यांना एवढ्या एका वाक्याने बँड आपल्या ओळखीचा वाटायला लागतो. सूर तेच आहेत, फक्त प्रत्येक वाद्याने आपला सा वेगळ्या पट्टीवर धरलेला आहे.

आता मैदानावर. सकाळची वेळ घ्या, आठ किंवा साडेआठची. बँडच्या मुलांना आधी सांगून ठेवा की पोरं आल्या आल्या सगळ्यांनी मिळून जोरात वाजवायचं नाही. मोठ्ठा आवाज एकदम कानावर आला की लहान मूल काहीच वेगळं ऐकू शकत नाही. मी पोरांना मैदानाकडे पाठ करून बसवतो. मग एक-एक वादक पुढे येतो, एकच ओळ वाजवतो, शक्यतो सगळ्यांनी तीच. क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट, मग युफोनियम. पोरांनी फक्त सांगायचं, हा आवाज कोणासारखा आहे. इथे मजेशीर उत्तरं येतात आणि ती सगळी बरोबर माना. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांना एकाने "आजोबांच्या घशासारखा" म्हटलं होतं. संगीत शिकलेल्या कोणालाही त्याहून चांगलं वर्णन सुचलं नसतं. मग वळून बघायला सांगा. ज्याचा आवाज ऐकला ते वाद्य समोर दिसतं, वादक त्याचं नाव सांगतो आणि ते नाव पक्कं होतं.

सॅक्सोफोन असेल तर त्याच्यापाशी थोडं थांबा. अंगावर सगळं पितळ, पण घराणं क्लॅरिनेटचं, म्हणजे लाकडी वाद्यांचं. कारण त्यात ओठ थरथरत नाहीत, बोरूसारख्या पोकळ काडीपासून तासलेली पातळ पट्टी थरथरते, तिला रीड म्हणतात. आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्या सनईलाही रीडच असते, पण तिच्यात पात्या एकमेकींवर थरथरतात. वादकाला रीड काढून पोरांच्या हातावर ठेवायला सांगा. नखाएवढी रुंद, टोकाला जवळजवळ आरपार दिसणारी. एवढ्याशा काडीतून एवढा आवाज निघतो हे पोरांना खरं वाटत नाही, म्हणून ती दाखवायची.

ड्रमपाशी आलात की आपली पोरं घरच्यासारखी होतात. तान्हा पोळा, मारबत, गणपती, नागपूरच्या पोराने ताशा ऐकलेला नाही असं होत नाही. साईड ड्रम हा ताशाचा लांबचा नातेवाईक समजा. वरच्या चामड्यावर काड्या पडतात आणि खालच्या चामड्याला तारा टेकलेल्या असतात. चर्रचर्र असा जो आवाज येतो तो त्या तारांचा. बाजूची कळ सोडून तारा ढिल्या करा आणि वाजवा, साईड ड्रम एकदम डग्ग्यासारखा पोकळ बोलायला लागतो. पुन्हा कळ लावा. पोरांना हे चार वेळा बघायचं असतं, चार वेळा दाखवा.

एक प्रयोग मी दर वेळी करतो. साईड ड्रम स्टँडवर ठेवायचा, तारा घट्ट, काड्या बाजूला, कोणीही हात लावायचा नाही. दोन फुटांवरून ट्रम्पेटवाल्याने हळूहळू एक-एक सूर लांबवायचा. मधल्या एखाद्या सुराला ड्रमच्या तारा आपोआप किरकिरायला लागतात. पोरांना कान ड्रमजवळ न्यायला सांगा. चामड्यावर तांदळाचे दहा-बारा दाणे टाकले तर तेही त्या सुराला थरथरतात. एका वाद्याची हवा दुसऱ्याला हलवते, हे डोळ्यांनी दिसतं. पाचवीतल्या एका पोराने त्यावर विचारलं होतं, "मंग मी गायलो तं?" तो गायला, सूर शोधत शोधत वर गेला आणि तारा वाजल्या. त्यानंतरची दहा मिनिटं प्रत्येक जण ड्रमसमोर उभा राहून गात होता. त्या दिवशी माझी बाकीची तयारी तशीच राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मॅडम, एक गोष्ट तुमच्या कानावर नक्की पडणार आहे. कोणीतरी म्हणेल, "हे तं वरातीतलं हाय," आणि बाकीचे हसतील. त्या हसण्याला तिथल्या तिथे उत्तर द्या, पण रागावून नको. हो, वरातीतलंच आहे, तेच ट्रम्पेट आणि तेच युफोनियम. देशातली बहुतेक बँडची वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात घडतात. तिथे पितळी पत्रा कापून, वाकवून, झाळून हाताने वाद्य तयार होतं. शाळेच्या बँडला तिथूनच माल येतो आणि लग्नाच्या बँडलाही. लग्नाचा बँडवाला ज्येष्ठाच्या उन्हात, रात्री बारापर्यंत, रस्त्यावर चालत, धक्के खात, न थांबता चार-चार तास वाजवतो. त्याच्यासमोर कागद नसतो. नवीन आलेलं गाणं दोनदा ऐकून सकाळपर्यंत बसवतो. फौजेत मला शिस्त शिकवली, पण गाणं कानाने उचलायला मी इतवारीतल्या एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याकडून शिकलो. तो आयुष्यभर वरातीत वाजवत होता आणि लग्नघरी त्याला जेवायला पंगतीबाहेर बसवत असत. पोरांच्या मनात ही वाद्यं हलकी आणि ती चांगली अशी रेघ पडण्याआधीच तुम्ही ती पुसू शकता. तुमच्या वर्गात एखाद्या बँडवाल्याचं मूल असेलही. त्याला त्या दिवशी वर्गात ताठ बसता आलं पाहिजे.

आता मोबाइलवरच्या अमेरिकन बँडबद्दल. पोरं विचारतीलच, म्हणून थोडं सांगतो. तिथे विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला बँड मैदानात उतरतो आणि चालता चालता अक्षरं, चित्रं काढतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने १९०७ मध्ये रांगा मोडून मैदानावर पी हे अक्षर उभं केलं होतं. त्याच विद्यापीठाचा एक बास ड्रम १९२१ पासून आहे, चाकांच्या गाड्यावर उभा केला की दहा फुटांच्या वर जातो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, बासरी काहीच नसतं, फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम. तो बँड १९३६ पासून मैदानावर वळणदार अक्षरांत ओहायो असं नाव लिहितो आणि त्यातल्या इंग्रजी आय अक्षरावरचा टिंब म्हणून एक सुझाफोनवाला ऐटीत जाऊन उभा राहतो. तो टिंब होणं हा तिथे फार मोठा मान समजतात. सुझाफोनला हे नाव जॉन फिलिप सुझा या अमेरिकन बँडमास्टरवरून पडलं. १८९० च्या दशकात तो पहिल्यांदा घडवला तेव्हा त्याचा कर्णा आकाशाकडे होता, पावसाचं पाणी आत पडायचं. पुढे तो समोर वळवला.

अक्षरं काढणाऱ्या त्या बँडला आणि तुमच्या एनसीसीच्या बँडला एकच अडचण सोडवावी लागते. ती पोरांना मैदानावर दाखवता येते, म्हणून सांगतो. एका वादकाला बास ड्रम देऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला १०० मीटर लांब उभं करा. त्याने सावकाश ठोके मारायचे. पोरांनी फक्त बघायचं आणि ऐकायचं. ड्रमच्या दांडीचा गोळा चामड्यावर पडतो, परत वर जातो आणि मग ठोका ऐकू येतो. आवाजाला १०० मीटर यायला सेकंदाचे सुमारे तीन दशांश लागतात. फौजेची तेज चाल मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे दूरच्या ड्रमचा ठोका आपल्यापर्यंत येईस्तोवर आपलं अर्ध्याहून जास्त पाऊल पडून गेलेलं असतं. कानावर विसंबून प्रत्येक जण वाजवायला लागला तर मोठ्या मैदानावर बँड फाटतो. म्हणून समोर ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, असतो. त्याच्या हातातली ती लांब काठी, म्हणजे मेस, शोभेची वाटते, पण तिच्याकडे डोळ्यांनी बघूनच सगळे एका ठोक्यावर राहतात. प्रकाशाला उशीर होत नाही. पोरांना ड्रम मेजर सगळ्यांत आवडतो, फक्त त्याच्या तुऱ्यामुळे आणि गोंडेदार पोशाखामुळे. या प्रयोगानंतर त्यांना तो कशासाठी आहे तेही कळतं.

मग पोरांना चालवा. हे सोडू नका, वेळ कमी पडला तर दुसरं काही कापा. तुमच्याकडे लेझीम असेलच. लेझीम करणारं पोर अर्धं बँडवालं असतं. हात एक करतात, पाय दुसरं करतात, कान हलगीकडे, आणि शेजारच्यापासूनचं अंतर नजरेने सांभाळायचं. मार्चिंग बँडमध्ये नेमकं हेच लागतं. त्यांना एवढंच सांगा की इथे बास ड्रमवर डावा पाय. ड्रमवाल्यांच्या मागे ६० पोरांची रांग, चार-चारच्या ओळी, मैदानाला एक फेरी. पहिल्या ३० पावलांत सगळा गोंधळ असतो. मग कुठेतरी एका वळणावर ६० डावे पाय एकदम पडतात. तो आवाज पोरांना स्वतःला ऐकू येतो आणि ती खाली पायांकडे बघायला लागतात. एवढ्यासाठी मी २२ वर्षं हे काम करतो आहे असं म्हटलं तरी चालेल.

वाद्यं हातात द्यावीत का? द्यावीत, पण काही गोष्टी पाळून. तोंडाने वाजवायचं वाद्य एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी तसंच जाऊ द्यायचं नाही. पितळी वाद्यांचे माउथपीस पाच-सहा मागून घ्या, साबणाचं कोमट पाणी आणि स्वच्छ फडकं ठेवा, प्रत्येक वेळी धुवा. रीडचं वाद्य लहान पोरांना फुंकायला देऊच नका. रीड लाळ शोषते, धुऊन साफ होत नाही. त्यांनी ते बोटांनी हाताळावं, फुंकावं वादकाने. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याला त्या दिवशी ड्रमकडे पाठवा. कानांची काळजी घ्या. ड्रमच्या ओळीचा आवाज जवळून कानाला इजा करण्याइतका मोठा असतो. बंद हॉलमध्ये पूर्ण बँड वाजवायचा नाही, मैदानातही पोरं १५-२० पावलं लांब बसवा, आणि झांजा कोणाच्या कानाशी वाजवू देऊ नका. कानात कापूस घातला की झालं असं समजू नका, त्याने आवाज फारसा अडत नाही.

कोणाला काय जमेल, याबद्दल फार घाई नको. समोरचे पक्के दात आलेले असावेत, कारण पितळी माउथपीस तिथेच टेकतो. चौथी-पाचवीत बहुतेकांचे आलेले असतात. दातांना तार असेल तर पितळी वाद्याने ओठ आतून सोलले जातात, त्याला काही काळ क्लॅरिनेट किंवा ड्रम बरा. बोटं आखूड असतील तर क्लॅरिनेटची भोकं झाकली जात नाहीत, वर्षभर थांबावं. जाड ओठ, पातळ ओठ, असलं काही पाहून पोराला एखाद्या वाद्यापासून परत पाठवू नका. पातळ ओठांचे उत्तम युफोनियमवाले मी शिकवलेत. मी एवढंच बघतो की पोर कोणत्या वाद्यासमोर तिसऱ्यांदा परत येऊन उभं राहतं. ते वाद्य त्याचं.

इथेच एक खंत सांगतो. बऱ्याच शाळांत मुलींना ट्रँगल आणि झांजा देतात आणि बास ड्रम, युफोनियम मुलांना. एका शाळेत मी शिकवायला गेलो तर ही वाटणी माझ्या आधीच कागदावर झाली होती. सहावीतली एक मुलगी रोज सराव संपल्यावर बास ड्रमला पट्टा लावून उभी राहायची, फक्त उभी. वाजवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी मुख्याध्यापकांशी भांडून यादी बदलून घेतली. पुढची तीन वर्षं तो ड्रम तिच्याकडे होता आणि त्या तीन वर्षांत त्या बँडची चाल एकदाही घसरली नाही. वजन हा प्रश्न खरा आहे, पण तो मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच आहे. लहान अंगाला २६-२८ इंची ड्रम देऊच नये, छोटा घ्यावा, आणि गळ्यात अडकवायच्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार येईल असा हार्नेस घ्यावा. प्रजासत्ताक दिनाच्या वेळी शाळांची जी राष्ट्रीय बँड स्पर्धा होते, तिच्यात मुलींच्या ब्रास बँडचा गट वेगळा असतो. हे मुख्याध्यापकांना दाखवलं की पुष्कळ वाद मिटतात.

आपल्या हवेबद्दलही दोन शब्द, कारण बाहेरगावच्या पुस्तकांत हे मिळणार नाही. जानेवारीच्या सकाळी नागपुरात गारठा असतो आणि थंड पितळातून सूर उतरलेला निघतो. वादकांनी आधी पाच मिनिटं नुसती गरम हवा फुंकून वाद्य तापवावं. ऊन चढलं की उलट होतं. हवा १० अंशांनी तापली तर सूर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या पावभागाइतका चढू शकतो. सराव लांबून अकरापर्यंत चालला तर मध्ये पुन्हा सूर लावून घ्या. एप्रिल-मे महिन्यात वाद्यं उन्हात किंवा स्कूलबसमध्ये ठेवायची नाहीत. क्लॅरिनेटच्या लाकडाला चीर जाते, पिस्टनचं तेल सुकतं, ड्रमचं चामडं ताणून फुटतं. पावसाळ्यात पितळ काळं पडतं, म्हणून वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढून, पुसून मगच पेटीत. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शाळेचा बँड सुरू करायचा असेल तर पहिल्या वर्षी पितळी वाद्यं घेऊ नका. एक बास ड्रम, चार साईड ड्रम, झांजांची एक जोडी. एवढ्यात चाल बसते, पोरांना एकत्र थांबायला आणि एकत्र सुरू करायला जमतं. दुसऱ्या वर्षी दोन-चार बिगुल घ्या. बिगुलवर ओठ तयार होतात. तिसऱ्या वर्षी ट्रम्पेट, मग युफोनियम. शिकवायला माणूस शोधाल तेव्हा नागपूरजवळच्या कामठीकडे बघा. तिथे गार्ड्स रेजिमेंटल सेंटर आहे आणि फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेली माणसं त्या भागात राहतात. त्यांतल्या अनेकांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता येतं, ड्रिल येतं आणि वेळ पाळता येते. त्यांना मानधन वेळेवर द्या. वाद्य विकत घेताना चकाकी बघू नका. पिस्टन दाबून सोडा, तो आपोआप झटकन वर आला पाहिजे. तीनही पिस्टन दाबून फुंका, हवा कुठे गळते का ऐका. जोडांवरचं झाळकाम बोटाने चाचपा. शोभेचं कोरीवकाम केलेलं ट्रम्पेट स्वस्तात मिळतं आणि सुरात कधीच लागत नाही. त्यावर शिकलेल्या पोराचा कान बिघडतो, तो मग दुरुस्त करायला वर्ष जातं.

नोटेशन पहिल्याच वर्षी डोक्यावर लादू नका. आपली पोरं सरगम म्हणतात, टाळीवर मात्रा मोजतात. त्याच्यावरच बांधा. एका मात्रेत दोन टाळ्या, चार टाळ्या हे हाताला आलं की कागदावरच्या टिपक्या त्यांना आठवडाभरात वाचता येतात.

आणि सहलीनंतर वर्गात चार्ट लावायचाच असेल तर आता लावा, पण कोरा लावा. वाद्यांची चित्रं पोरांना काढू द्या, आठवणीतून. कोणी ट्रम्पेटला पाच पिस्टन काढील. त्याला बोलवा, नळी हातात द्या आणि विचारा, किती तुकडे जोडावे लागतील? तो स्वतः खोडून तीन करील.

नळी हार्डवेअरच्या दुकानात एकत्रच घ्या. साडेचार, नऊ आणि अठरा मिळून साडेएकतीस फूट होतात. ३५ फूट मागा, एक तुकडा नक्की चुकीचा कापला जातो. कापताना टोक सरळ हवं, तिरकं कापलं की माउथपीसच्या बाजूने हवा गळते आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. माउथपीस कॉलेजच्या बँडकडे दोन दिवसांसाठी मागा, देतील ते.